विद्या खुली करणारे भातखंडे

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० साली मुंबईस वाळकेश्वरी झाला. पेशा वकिलीचा, जीव मात्र गायनात. त्या काळी चीज म्हणजे घराण्याचे धन. शिष्याने वर्षानुवर्षे उस्तादाकडे राबावे, तरी अस्ताई मिळे आणि अंतरा राहून जाई. पंडितजींनी ठिकठिकाणच्या चिजा मिळवल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि छापल्या. क्रमिक पुस्तकमालिकेच्या पहिल्या भागात दहा थाटांचे दहाच राग त्यांनी दिले. विद्यार्थ्याची पायरी पाहून पुढचे भाग रचले.

माधवराव शिंदे महाराजांनी ग्वाल्हेरचे काही गवई ही पद्धत शिकण्यास त्यांच्याकडे मुंबईस धाडले. राजाभैया पूछवाले त्यांतलेच. तयार गवई पुन्हा विद्यार्थी झाले, तेव्हा कोठे १९१८ साली तेथे माधव संगीत विद्यालय उघडले. १९२६ साली लखनौचे विद्यालय निघाले. १९३६ साली पंडितजी निवर्तले.

मी दरबारी गवयाचा मुलगा. गळा कागदावर उतरत नाही, हे आमच्या घरांतले म्हणणे खरेच आहे. मींड गुरूसमोर बसूनच येते. परंतु ज्याच्या घरी तंबोरा नाही, अशा मुलास गुरूच्या दारापर्यंत त्या पुस्तकांनीच आणले. भोपाळात माझ्या वर्गात अशीच मुले बसतात.