१८२२ची तालीम आणि लहुजी वस्ताद

आमच्या पिंगुळीत ठाकर कलावंत चित्रकथीची पोथी उघडतात आणि रामायण-महाभारतातले वीर एकेका चित्रातून उभे करतात. लहुजी वस्ताद साळवे यांची अशी पोथी काही आमच्या पाहण्यात आली नाही. खेळांच्या इतिहासाचेही तेच. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयातले मल्लखांबाचे बाळंभटदादा देवधर पुस्तकात सन्मानाने येतात. त्याच काळातले लहुजी मात्र जयंतीच्या बॅनरवरच राहतात.

लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४चा, पुरंदरच्या पायथ्याशी, मांग कुटुंबातला. घराणे हत्यार चालवणारे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत वडील राघोजी पेशव्यांच्या बाजूने लढताना पडले. दोन महिन्यांच्या आत, १ जानेवारी १८१८ला, कोरेगावात महार शिपाई कंपनीकडून त्याच पेशव्यांच्या फौजेशी लढले. या दोन तारखा समोरासमोर ठेवून मांग विरुद्ध महार असा खटला चालवणारे लोक आम्हाला भेटतात. अर्धाच पुरावा घेऊन येणाऱ्या पक्षकाराला आम्ही वकील मंडळी आधी परत पाठवतो. उरलेला पुरावा असा आहे.

१८२२ साली लहुजींनी पुण्यात तालीम उभी केली, असे त्यांची चरित्रे सांगतात. पेशवाई बुडून जेमतेम चार वर्षे झाली होती. ज्या शहरात अस्पृश्याच्या सावलीचाही विटाळ होई, तिथे मांगाने आखाडा घातला! कुस्ती, लाठी, दांडपट्टा, नेमबाजी. सवर्णांची मुलेही येऊ लागली. आता कुस्ती म्हणजे काय? अंगाला अंग भिडल्याशिवाय डाव लागत नाही, वस्तादाने मान धरून दाखवल्याशिवाय पकड कळत नाही. ज्याला विटाळ मानायचा त्याने दारातूनच परत फिरावे. मनुस्मृती बाहेर ठेवूनच तिथे लंगोट कसावा लागे.

याच वस्तादांकडे जोतीराव फुले शिकले. वासुदेव बळवंत फडक्यांचे नावही त्यांच्या शिष्यांत घेतले जाते. पण आमच्या लेखी मोठी गोष्ट पुढची आहे. जोतीरावांनी शाळा काढल्या, तेव्हा लहुजी आणि राणबा महार या दोघांनी आपापल्या लोकांना शिक्षणाचे मोल पटवले. याची नोंद खुद्द जोतीरावांनी करून ठेवली आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला वाट मोकळी केली, तेव्हापासून आपल्या वस्त्यावस्त्यांत जी कुजबूज सुरू आहे, तीत राणबांचे नाव कुणी काढताना आम्ही ऐकले नाही. निवाड्यावर मतभेद असू द्या, तो कायद्याचा प्रश्न आहे. लहुजींना त्यात साक्षीदार म्हणून ओढायचे असेल, तर राणबांनाही त्यांच्या शेजारी उभे करावे लागेल.

साळवे घराण्यातली मुक्ता जोतीरावांच्या शाळेत शिकली. १८५५ साली, चौदाएक वर्षांची असताना, मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध ज्ञानोदयात छापून आला. तेव्हा लहुजी साठीला पोचले होते. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी त्यांचे निधन झाले. पुण्यात संगमवाडीला त्यांची समाधी आहे.