थापाड्या टिमोथी

'ज्युरासिक पार्क'मधला पांढऱ्या दाढीचा आजोबा आठवतो ना? तोच रिचर्ड ॲटनबरो, ज्याने 'गांधी' काढला. आणि हॅरी पॉटरला छडी विकणारा ऑलिव्हँडर म्हणजे जॉन हर्ट. हे दोघं १९७१ च्या 'टेन रिलिंग्टन प्लेस' या सिनेमात एकत्र आहेत. ॲटनबरो त्यात खुनी आहे (हो, आपले गांधीवाले!) आणि हर्ट फासावर जाणारा निरपराध माणूस. गोष्ट शंभर टक्के खरी आहे. सिनेमा बघितल्यापासून मी त्या खऱ्या माणसाबद्दल मिळेल ते वाचत सुटले. सबमिशन्स बोंबलली ती वेगळीच.

टिमोथी इव्हान्स १९२४ साली वेल्समधल्या मर्थर टिडफिल या गावी जन्मला. तो जन्मायच्या आधीच वडील घर सोडून गेलेले. लहानपणी पायाला जखम झाली, ती क्षयाची निघाली आणि वर्षानुवर्षं भरेना. शाळा बुडाली ती बुडालीच. मोठेपणीही त्याला धड वाचता येत नव्हतं. मग माणूस काय करतो? गोष्टी रचतो. टिमोथी पट्टीचा थापाड्या होता. ओळखीच्या सगळ्यांना ते माहीत होतं आणि पुढे हेच त्याला भोवलं.

१९४७ मध्ये त्याने बेरिलशी लग्न केलं. पुढच्या वर्षी दोघं लंडनच्या नॉटिंग हिल भागात, १० रिलिंग्टन प्लेस या जुनाट घराच्या वरच्या मजल्यावर राहायला गेली. मुलगी झाली, जेराल्डिन. टिमोथी व्हॅन चालवायचा, पगार पुरायचा नाही, भांडणं रोजचीच. तळमजल्यावर जॉन ख्रिस्ती सपत्नीक राहायचे. टक्कल, चष्मा, हळू आवाज, युद्धाच्या काळात राखीव पोलिसात नोकरी. प्रत्येक सोसायटीत असे एक काका असतात बघा, ज्यांना विचारल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही.

१९४९ मध्ये बेरिलला पुन्हा दिवस गेले. दुसरं मूल परवडणारं नव्हतं आणि गर्भपात तेव्हा तिथे गुन्हा होता. टिमोथीने नंतर सांगितलं ते असं: ख्रिस्तींनी आपण मोकळं करून देतो म्हणून सांगितलं. नोव्हेंबरात एका संध्याकाळी तो कामावरून परतला तर बेरिल गेलेली. मुलीला एका जोडप्याकडे सांभाळायला देतो, तू इथून निघ, असं ख्रिस्ती म्हणाले. त्याने सामानसुमान विकलं आणि वेल्स गाठलं.

३० नोव्हेंबरला तो आपणहून मर्थर टिडफिलच्या पोलीस चौकीत गेला. तिथेही ख्रिस्तींना वाचवायला आधी थापच मारली! म्हणे बायको मूल पाडायचं औषध घेऊन मेली आणि मी तिला घरासमोरच्या गटारात टाकलं. लंडनच्या पोलिसांनी मॅनहोल उघडला. झाकण उचलायला तीन माणसं लागली आणि आत काहीच नाही. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सवाल्यालाही कळेल की हे एकट्याचं काम नव्हे. मग त्याने ख्रिस्तींचं नाव घेतलं. पण आता कोण ऐकतंय?

२ डिसेंबरला अंगणातल्या धुण्याच्या खोलीत बेरिल आणि तान्ही जेराल्डिन, दोघींचे गळा आवळलेले मृतदेह सापडले. मुलगी मेल्याचं कळल्यावर टिमोथीने पोलिसांपुढे दोन्ही खून कबूल केले. पुढे कोर्टात तो म्हणाला की मार बसेल या भीतीने, आणि पोरगी गेल्यावर कशातच राम उरला नाही म्हणून केले. अंगावर काटा येतो तो पुढच्या गोष्टीने. त्याच अंगणात कुंपणाला टेकू म्हणून माणसाच्या मांडीचं हाड लावलेलं होतं. पोलीस तिथे फिरले, पण कुणाच्याही नजरेस पडलं नाही.

खटला फक्त मुलीच्या खुनाचा चालला, जानेवारी १९५० मध्ये. सरकारतर्फे मुख्य साक्षीदार कोण, तर ख्रिस्ती! त्यांनी पूर्वी तुरुंगवास भोगल्याचं कोर्टात निघालं, तरी विश्वास त्यांच्यावरच बसला. ज्युरीला चाळीस मिनिटं लागली. ९ मार्च १९५० ला पेंटनविल तुरुंगात टिमोथीला फाशी दिली. वय पंचवीस.

तीन वर्षांनी ख्रिस्ती घर सोडून गेले. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू त्यांच्या स्वयंपाकघरात रेडिओसाठी खुंटी ठोकायला जागा बघत होता. भिंत पोकळ वाजली. वॉलपेपर फाडला तर आत तीन बायकांची प्रेतं. फरशीखाली खुद्द बायको. अंगणात आणखी दोघी, १९४३-४४ पासूनच्या, म्हणजे टिमोथी तिथे यायच्याही आधीच्या. ख्रिस्तींनी बेरिलचा खूनही कबूल केला आणि जुलै १९५३ मध्ये तेही फासावर गेले. दोघांनाही फाशी देणारा एकच, अल्बर्ट पिअरपॉइंट. तरीही त्याच वर्षीच्या सरकारी चौकशीने सांगितलं की इव्हान्स दोषीच! म्हणजे एका घरात, एकाच वेळी, गळा आवळणारे दोन खुनी, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. हे सोपं पडलं, चूक मान्य करणं नाही.

लुडोविक केनेडी या पत्रकाराने १९६१ मध्ये पुस्तक लिहून प्रकरण पुन्हा उकरलं. सिनेमा त्यावरच आहे. १९६५ मध्ये ब्रिटनने खुनासाठीची फाशी थांबवली, १९६९ मध्ये ती कायमची गेली. या बदलामागे टिमोथीचं नाव मोठं आहे. १९६६ मध्ये त्याला मरणोत्तर माफी मिळाली. माफी कशाची, हा प्रश्न मला अजून छळतो.

सिनेमा खऱ्या रिलिंग्टन प्लेसमध्येच शूट झाला, नंतर ती गल्ली पाडली. फाशीचा प्रसंग अचूक व्हावा म्हणून सल्ला द्यायला पिअरपॉइंटच होता. तो प्रसंग काही सेकंदांत संपतो, म्युझिक नाही, भाषण नाही. हर्टचा तो गोंधळलेला चेहरा मात्र जात नाही. पण एक सांगू? आपल्याला राग येतो, कारण ॲटनबरो खून करताना आपण डोळ्यांनी पाहिलेला असतो. ज्युरीपुढे होते एक सभ्य काका आणि चार वेळा जबाब बदलणारा एक व्हॅन ड्रायव्हर. कॅमेरा नसता तर मी कुणावर विश्वास ठेवला असता, याचं उत्तर द्यायला मी कचरते.

१९६५ मध्ये टिमोथीचे अवशेष तुरुंगातून काढून लेटनस्टोनच्या दफनभूमीत नेले. २००४ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने मान्य केलं की त्याने बायकोलाही मारलं नव्हतं आणि मुलीलाही नाही. पण शिक्षा कागदोपत्री रद्द करायला नकार दिला. आता त्यावर खर्च करण्यात अर्थ नाही, म्हणून.