गॉल्जी संकुल आणि त्या नावामागचा माणूस



पेशी व पेशीअंगके हा पाठ झाला की मुले एक वाक्य घडाघडा म्हणून दाखवतात: रायबोझोम प्रथिने तयार करतात आणि गॉल्जी संकुल ती पॅक करून पाठवते. वाक्य बरोबरच आहे. पण गॉल्जी म्हणजे काय, असं एखाद्या मुलाने विचारलं की आपण जरा थांबतो. गॉल्जी हे एका माणसाचं आडनाव आहे. आणि गंमत बघा, ज्यांनी हे अंगक शोधलं त्यांना ते काय काम करतं हे शेवटपर्यंत कळलं नाही.

कामिल्लो गॉल्जी यांचा जन्म 7 जुलै 1843 रोजी उत्तर इटलीतल्या कोर्तेनो या डोंगराळ गावी झाला. वडील डॉक्टर. मुलगाही पाविआ विद्यापीठातून 1865 मध्ये डॉक्टर झाला. 1872 मध्ये त्यांनी अब्बियातेग्रासो या लहान गावातल्या, बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या रुग्णालयात नोकरी धरली. तिथे प्रयोगशाळा कुठली असायला? त्यांनी एका छोट्या स्वयंपाकघरात सूक्ष्मदर्शक मांडला आणि कामाला लागले.

अडचण अशी होती की मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर सगळा गुंताच दिसे, कुठला धागा कुठल्या पेशीचा ते कळतच नसे. गॉल्जींनी मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये ठेवला, नंतर सिल्व्हर नायट्रेटमध्ये. पिवळसर पार्श्वभूमीवर मोजक्याच चेतापेशी काळ्याभोर उमटल्या, पण ज्या उमटल्या त्या अगदी फांद्यांच्या टोकापर्यंत! सगळ्याच पेशी रंगल्या असत्या तर पुन्हा गुंताच झाला असता. 1873 मध्ये त्यांनी ही रीत प्रसिद्ध केली.

पुढे ते पाविआ विद्यापीठात प्राध्यापक झाले. मलेरियाचा ताप एक दिवसाआड किंवा दोन दिवस सोडून का येतो, हेही त्यांनी उलगडलं. परजीवींनी भरलेल्या तांबड्या पेशी एकदम फुटतात तेव्हाच ताप चढतो, हे त्यांनी दाखवून दिलं. (हा भाग आरोग्याच्या पाठात जरूर सांगा.)

1898 मध्ये गव्हाणी घुबडाच्या अनुमस्तिष्कातल्या पेशी तपासताना केंद्रकाभोवती एक नाजूक जाळी त्यांना दिसली. त्यांनी तिला अंतर्गत जालिका असं साधं नाव दिलं. जे दिसलं तेवढंच नाव, कामाचा उल्लेख नाही. ही जाळी खरी नाहीच, रंगाने उठलेला फसवा डाग आहे, असं कित्येक शास्त्रज्ञ पुढची पन्नासेक वर्षं म्हणत राहिले.

गॉल्जींची एक बाजू मात्र मुलांपासून लपवू नये असं मला वाटतं. चेतापेशी सुट्या नसून सगळ्या मिळून एकच अखंड जाळं आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी गॉल्जींचीच रीत वापरून उलट निष्कर्ष काढला: प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते. 1906 चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, तरी गॉल्जींनी पारितोषिकाच्या व्याख्यानातही काहाल यांच्या मताला विरोधच केला. काहाल बरोबर होते. रीत एकाची, नजर दुसऱ्याची! गॉल्जी 21 जानेवारी 1926 रोजी पाविआत वारले तोवर या बाबतीत त्यांचं मत बदललं नव्हतं.

जाळीच्या बाबतीत मात्र त्यांची नजर चुकली नव्हती. 1950 च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या स्पष्ट दिसल्या. पुढच्या दशकात जॉर्ज पॅलाडे आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडातल्या पेशींना किरणोत्सारी अमिनो आम्ल दिलं आणि नव्या प्रथिनांचा माग काढला. रायबोझोमवर बनलेलं प्रथिन आधी आंतर्द्रव्यजालिकेत दिसलं, काही मिनिटांनी गॉल्जी संकुलाच्या परिसरात, नंतर साठवणीच्या कणांत, आणि शेवटी पेशीबाहेर. पॅलाडे यांना 1974 चं नोबेल मिळालं.

आता आपल्याला माहीत आहे की आंतर्द्रव्यजालिकेत प्रथिनाची घडी बसते आणि ते इवल्या पिशवीतून गॉल्जीत पोचतं. तिथे त्याला जोडलेल्या शर्करेच्या साखळ्या छाटल्या जातात, नव्या जोडल्या जातात. मग कोणतं प्रथिन लयकारिकेत जायचं, कोणतं पेशीपटलात, कोणतं बाहेर, याची वाटणी होते. इन्सुलिनसुद्धा याच वाटेने रक्तात येतं. म्हणून नुसतं पॅकिंग म्हणणं मला अपुरं वाटतं. माल तिथे बदलतोही.

मी हल्ली या तासाला आधी फळ्यावर फक्त केंद्रक आणि भोवतीची जाळी काढते, नाव लिहीत नाही. हे काय करत असेल, असं विचारते. तुमच्या वर्गातही करून बघा, आणि मुलांची उत्तरं लगेच खोडू नका. पॅलाडे यांचा प्रयोग दुसऱ्या दिवशी सांगितला तरी चालतो.