वराहमिहीर : पाऊस तोलला, उकाडा ओळखला

उज्जैन : मे महिन्यात इथं पारा चाळिशी ओलांडतो. मोबाईलवर आकडा बघून आपण म्हणतो, आज लई तापलंय. पण तापमापकच नव्हता तेव्हा काय करत असतील? त्यासाठी सहाव्या शतकातल्या वराहमिहिरांकडं वळावं लागतं.

वडील आदित्यदास हेच त्यांचे गुरू. कापित्थक हे त्यांचं गाव. उज्जैनजवळचं कायथा ते हेच, असं अनेक अभ्यासक मानतात. विक्रमादित्याच्या नवरत्नांत त्यांचं नाव घेतात, ती मात्र आख्यायिका. ‘पंचसिद्धांतिका’ या ग्रंथातलं गणित शके 427, म्हणजे इ.स. 505 पासून सुरू होतं. त्यातल्या पाच सिद्धांतांपैकी रोमक हा पश्चिमेकडून आलेला. बाहेरचं ज्ञान घेण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही.

‘बृहत्संहिता’ मात्र थेट शेतकऱ्याच्या कामाची. हातभर रुंदीचं भांडं ठेवायचं आणि साठलेलं पावसाचं पाणी मोजायचं : 50 पल म्हणजे एक आढक, 4 आढकांचा एक द्रोण. पाऊस भांड्यात साठतो, म्हणून मोजता आला. उष्णता कशात साठवणार? फॅरनहाइटचा पाऱ्याचा तापमापक आला 1714 मध्ये, सेल्सिअसची मोजपट्टी 1742 मध्ये.

मग उरल्या खुणा. वारा पडतो, मिठाला पाणी सुटतं, पाण्याची चव जाते, बेडूक ओरडतात, मुंग्या अंडी हलवतात, म्हणजे पाऊस जवळ आला. मिठाला पाणी सुटलं म्हणजे हवा दमट, हे आज आपल्याला ठाऊक आहे. अशा हवेत घाम वाळत नाही आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून 34 अंशांचा दमट दिवस 40 अंशांच्या कोरड्या दिवसापेक्षा जास्त जीव घाबरा करू शकतो. पारा हवेचं तापमान सांगतो. अंगाला कळतो तो उकाडा.

त्यांचं सगळंच खरं ठरलं असं नाही. ढगांचा गर्भ 195 दिवसांनी पाऊस देतो, हा त्यांचा हिशेब आजच्या हवामानशास्त्रात टिकत नाही. त्यांचं निधन इ.स. 587 च्या सुमारास झालं, असं परंपरा सांगते.

पण दुपारच्या उन्हात रानात राबणाऱ्याला त्यांच्या दोन खुणा आजही कामाच्या आहेत. वारा पडला असेल आणि घरातलं मीठ ओलं झालं असेल, तर मोबाईलवरचा आकडा कमी दिसला तरी सावली गाठावी, पाणी प्यावं. त्या दिवशी घामाचा भरवसा नसतो.