रेखागणिताचा मूळ धनी

नांदेड-लातूरकडचा शाळकरी मुलगा कंपासपेटी उघडतो, रेषाखंडाच्या दोन्ही टोकांवर तेवढ्याच त्रिज्येचे कंस काढतो आणि समभुज त्रिकोण उभा करतो. युक्लिडच्या ग्रंथातील ही पहिलीच रचना. तो ग्रंथ संस्कृतात आणला एका महाराष्ट्रीय ब्राह्मणाने, सवाई जयसिंहाच्या पदरच्या जगन्नाथ सम्राटाने.

शिवरायांवर चालून आलेल्या जयसिंहाने त्याला दक्षिणेतून नेले, अशी आख्यायिका आहे. ती टिकत नाही. ते मिर्झाराजे जयसिंह १६६७ मध्ये वारले, सवाई जयसिंह जन्मला १६८८ मध्ये. लोकांनी दोघांचा एक केला, झाले.

गणित आपल्या मुलखाला नवे नव्हते. गोदाकाठच्या पार्थपूरच्या सूर्यदासाने १५४१ मध्येच ‘लीलावती’वर टीका लिहिली होती. पण ‘लीलावती’ नियम सांगते आणि उपपत्ती बहुधा टीकाकारावर सोपवते. युक्लिडकडे मागची पायरी सिद्ध झाल्याखेरीज पुढची नाही. जयसिंहाच्या सांगण्यावरून जगन्नाथ अरबी-फारसी शिकला आणि नसीरुद्दीन तुसीच्या तेराव्या शतकातील अरबी ग्रंथावरून त्याने १७१८ च्या सुमारास ‘रेखागणित’ रचले. (समांतर रेषांचे गृहीतक सिद्ध करण्याचा खटाटोप करणारा तुसी तो हाच. ते इतर गृहीतकांवरून सिद्ध होत नाही, हे एकोणिसाव्या शतकात कळले.) अध्याय पंधरा, सिद्धान्त ४७८. सिद्धान्ताला त्याने शब्द योजला ‘शकल’. अरबीत शक्ल म्हणजे आकृती, संस्कृतात शकल म्हणजे तुकडा. असा शब्द सुचायला नुसत्या दोन भाषा येऊन भागत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितलेले हे शास्त्र मध्ये लुप्त झाले होते, ते राजाज्ञेने पुन्हा प्रकट केले, असे तो आरंभी सांगतो. युक्लिडचे नाव नाही, तुसीचेही नाही. बँकेत उभी हयात गेलेल्या मला दुसऱ्याची ठेव भलत्याच्या नावे जमा झालेली बघवत नाही. पण याच जगन्नाथाने १७३२ मध्ये टॉलेमीचा ग्रंथ ‘सम्राटसिद्धान्त’ म्हणून आणला, तेव्हा मूळ अरबी ‘मिजास्ती’चे नाव उघड दिले. म्हणजे लपवाछपवीची खोड नव्हती. मला वाटते, आधी पंडितसभेचे दार उघडायचे होते आणि विश्वकर्मा ही त्याची किल्ली होती. पुढे जयसिंहाची वेधशाळा दिल्लीत उभी राहिली, धीरही वाढला असेल.

‘रेखागणित’ मुंबईत दोन खंडांत छापले गेले ते १९०१-०२ मध्ये. तोवर इंग्रजी अमदानीतल्या शाळांत युक्लिड शिकवला जातच होता, साहेबाची विद्या म्हणून.