सर सालारजंग : एका दिवाणाच्या कारभाराचा हिशेब

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील आमचे पुष्कळ वाचक औषधपाण्यासाठी, सोयरिकीसाठी अथवा पोटापाण्यासाठी हैदराबादेस जातात. काम आटोपून गाडीस अवकाश असला म्हणजे मूसी नदीच्या काठचे सालारजंग संग्रहालय पाहून येतात. तेथील घड्याळ, हस्तिदंती वस्तू व पुतळे पाहून सालारजंग म्हणजे कोणी हौशी नबाब असावा, अशी त्यांची समजूत होते. वस्तुतः त्या संग्रहातील बहुतेक वस्तू जमविणारे गृहस्थ मीर यूसुफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग होत. ते १९४९ साली वारले. आज आम्ही ज्यांचे चरित्र सांगणार आहोत, ते त्यांचे आजोबा मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालारजंग. यांनी १८५३ पासून १८८३ पर्यंत तीस वर्षे निजामाच्या राज्याची दिवाणगिरी केली. दिवाण म्हणजे त्या राज्याचा पंतप्रधानच. आपल्या आजोबा-पणजोबांच्या शेतावरील सारा कोणी घ्यावा, किती घ्यावा आणि त्याचा हिशेब कोणास द्यावा, हे या एका मनुष्याच्या लेखणीने पुष्कळ अंशी ठरले.

विलायतेत पंतप्रधान पायउतार झाला की दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रे त्याच्या कारकिर्दीचा निकाल देऊन मोकळी होतात. सालारजंगांच्या मृत्यूस तर आता एकशे चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे; तरीही त्यांच्याविषयी एकमत नाही. इंग्रज ग्रंथकारांनी त्यांस राज्याचा तारणहार म्हटले. उलटपक्षी, १८५७ चा विचार करणारे कित्येक देशबांधव त्यांस परक्यांचा हस्तक समजतात. ही दोन्ही मते ऐकून घेऊन खरे काय ते शोधणे, हा या लेखाचा हेतू आहे.

सालारजंगांचा जन्म १८२९ साली झाला. त्यांच्या घराण्यात दिवाणगिरी जणू वंशपरंपरेने चालत आली होती. मीर आलम हे त्यांचे एक प्रसिद्ध पूर्वज. पित्याचे छत्र लहानपणीच गेल्यामुळे चुलते सिराजुल्मुल्क यांनी त्यांचे पालन केले. विशीच्या आतच त्यांस तेलंगणातील खम्मम भागाचा कारभार काही महिने पाहावयास मिळाला. त्यांच्या पूर्वी तेथे एका इंग्रज अंमलदाराने वसुलीची नवी घडी बसविली होती. नेमलेला सारा, लिहिलेला हिशेब आणि पगारी नोकर, या तीन गोष्टींनी मुलूख कसा सुधारतो, हे त्या तरुणाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

चुलते स्वतः दिवाण होते, आणि तो काळ राज्याच्या मोठ्या हलाखीचा होता. निजामाच्या राज्यात इंग्रजांची म्हणून एक फौज असे व तिचा खर्च निजामाने द्यावयाचा असे. ते पैसे थकत गेले व कर्ज वाढत गेले. शेवटी मे १८५३ मध्ये तह होऊन वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या हाती गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत सिराजुल्मुल्क वारले. खजिना रिकामा, मुलूख गेलेला, सावकार दाराशी बसलेले, अशा वेळी चोवीस वर्षांच्या पुतण्याच्या अंगावर दिवाणगिरी येऊन पडली.

राज्याचा खरा रोग कोणता, हे समजण्यासाठी आपल्याकडील एक शब्द पुरे आहे. मराठवाड्यात आजही सडकेचे किंवा इमारतीचे काम घेणाऱ्यास गुत्तेदार म्हणतात. त्या काळी गुत्ता घेतला जाई तो सबंध तालुक्याच्या वसुलाचा. सरकारास पैशाची निकड लागली की एखादा सावकार किंवा अरब जमादार आगाऊ रक्कम भरी व तिच्या बदल्यात तालुका आपल्या ताब्यात घेई. अधिक बोली करणारा दुसरा कोणी भेटला की पहिल्याचा गुत्ता मोडे. आज आहे तो अधिकार उद्या राहीलच, असा भरवसा गुत्तेदारास नसे; म्हणून पुढल्या वर्षी विहीर टिकेल की नाही, बैल जगेल की नाही, याची चिंताही त्यास नसे. जे निघेल ते आताच काढावयाचे, हाच त्याचा धर्म. पुष्कळ ठिकाणी सारा धान्याच्या वाट्याने, म्हणजे बटाईने घेतला जाई. माप होईपर्यंत खळ्यावरची रास शेतकऱ्यास हलविता येत नसे. त्यावर आणखी नाना नावांच्या पट्ट्या असत. अरब जमादारांचा तर असा दरारा होता की कर्जदारास ते आपल्याच कोठडीत डांबून ठेवीत.

सालारजंगांनी हा रोग एका दिवसात बरा करण्याचा आव आणला नाही. गहाण पडलेले तालुके त्यांनी एकेक करून सोडविले व सोडविलेल्या तालुक्यावर पगारी अंमलदार नेमला. अरबांच्या येण्यांचा न्याय कचेरीत होऊ लागला. बटाईच्या जागी हळूहळू रोख सारा आला. पुढे १८६४ साली महसुलाचे मध्यवर्ती मंडळ स्थापन झाले, आणि १८६५ पासून जिलाबंदी सुरू झाली. म्हणजे सगळा खालसा मुलूख जिल्ह्यांत व तालुक्यांत विभागून प्रत्येक जिल्ह्यावर अव्वल तालुकदार व प्रत्येक तालुक्यावर तहसीलदार नेमला. नांदेड हा जिल्हा त्याच व्यवस्थेतील होय. वसुलीचा अधिकार देशमुख-देशपांड्यांकडून काढून घेतला, परंतु त्यांस उघडे टाकले नाही. त्यांच्या हक्काबद्दल रोख रुसूम बांधून दिला. पोलीस, न्याय, शिक्षण व बांधकाम यांची खाती निराळी झाली. १८७० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मराठवाड्यातील जमिनीची मोजणीही सुरू झाली. कोणाचे शेत किती व त्यावर सारा किती, हे कागदावर येऊ लागले. ज्याच्याजवळ कागद आहे त्यास निदान भांडता तरी येते, हे आपल्या खेड्यांतील मनुष्यास निराळे सांगावयास नको.

आता त्यांच्या आयुष्यातील अत्यंत वादग्रस्त प्रसंगाकडे वळू. १८५७ साली उत्तरेत बंड उठले व त्याची झळ हैदराबादेस लागली. १७ जुलै रोजी तुर्रेबाज खान व मौलवी अलाउद्दीन यांच्या पुढारीपणाखाली जमावाने इंग्रज रेसिडेंटाच्या वाड्यावर चाल केली. सालारजंगांनी रेसिडेंटास अगोदरच सूचना पाठविली होती. हल्ला फसला. तुर्रेबाज खान पुढे पकडण्याच्या प्रयत्नात मारला गेला. मौलवी अंदमानात गेला. आपल्या देगलूरच्या शेजारी असलेल्या कौलासच्या राजाचे व रंगराव पटवारी यांचे नावही त्यानंतरच्या एका कटात निघाले आणि रंगरावास अंदमानास धाडण्यात आले. लोकांचा रोष इतका होता की १८५९ साली दरबारातून बाहेर पडताना सालारजंगांवर जीवघेणा हल्ला झाला; १८६८ साली पुन्हा तसाच प्रयत्न झाला. दोन्ही वेळा ते वाचले.

इंग्रजांनी या उपकाराची फेड केली. १८६० च्या तहाने सुमारे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले आणि रायचूर दुआबाबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख निजामास परत मिळाला. आजचा लातूर जिल्हा १९८२ पर्यंत याच धाराशिव, म्हणजे उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे, हे ध्यानात ठेवले म्हणजे ही गोष्ट आपल्या किती जवळची आहे ते कळते. एकीकडे फासावर व अंदमानात गेलेली माणसे, दुसरीकडे परत आलेला मुलूख. ही दोन्ही पाने एकाच वहीतील आहेत. एक पान फाडून दुसरे वाचणे प्रामाणिकपणाचे नव्हे. सालारजंग भित्रे नव्हते, व लाचेस भुलणारेही नव्हते. राज्य लढाईत पडले तर ते संपूर्ण खालसा होईल, असा त्यांचा अंदाज होता, आणि झाशी व अयोध्येकडे पाहता तो निराधार म्हणता येत नाही. परंतु जे स्वातंत्र्यासाठी उठले त्यांचे बळी देऊन हे राज्य वाचले, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

इंग्रजांच्या मैत्रीचे मोल त्यांस पुढे कळून आले. वऱ्हाड परत मिळवावा हा त्यांच्या आयुष्याचा ध्यास होता. १८६९ साली अफजलुद्दौला निजाम वारले व अवघ्या दोन-अडीच वर्षांचे मीर महबूब अली खान गादीवर आले. तेव्हा सालारजंग राज्याचे सहपालक झाले. त्या अधिकाराने त्यांनी वऱ्हाडाविषयी अर्जामागून अर्ज केले. १८७६ साली ते स्वतः विलायतेस गेले. वाटेत पॅरिस येथे जिन्यावरून पडून त्यांचा पाय मोडला. लंडन शहराने त्यांचा सत्कार केला, ऑक्सफर्ड विद्यापीठाने पदवी दिली. वऱ्हाड मात्र कोणी दिला नाही. उलट परत आल्यावर, १८७७ साली, व्हाइसरॉय लिटन यांनी त्यांच्याच एका प्रतिस्पर्ध्यास त्यांच्या जोडीस सहपालक म्हणून बसविले. ज्यांचे सिंहासन संकटात सावरले, त्यांनीच न्याय मागताच तोंड फिरविले. वऱ्हाड पुढे १९०२ साली कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडेच राहिला. ८ फेब्रुवारी १८८३ रोजी सालारजंग पटकीच्या आजाराने एकाएकी वारले. त्यांचे वय तेव्हा अवघे चोपन्न वर्षांचे होते.

त्यांच्या कारभाराचा ताळेबंद मांडताना जमेच्या बाजूस गुत्त्याचा नाश प्रथम लिहिला पाहिजे. हे काम टिकले. दिवाण गेले तरी तालुके, तहसील व मोजणीचे कागद राहिले. जो सुधारक आपल्यामागे केवळ आठवण नव्हे तर चालती कचेरी ठेवून जातो, तो लहान मनुष्य नव्हे.

खर्चाच्या बाजूसही मोठ्या रकमा आहेत. त्यांच्या सुधारणा खालसा गावांपुरत्या राहिल्या. जहागिरी, पायगा व निजामाच्या खाजगी सर्फेखास मुलखातील रयत पूर्वीप्रमाणेच धन्याच्या मर्जीवर राहिली, आणि जहागिरी नाहीशा होण्यास १९४९ साल उजाडावे लागले. कचेरीची भाषा त्यांच्या काळी फारसी होती. त्यांच्या पश्चात १८८४ साली उर्दू आली. मराठी बोलणाऱ्या कुळास आपल्याच शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. नव्या कचेऱ्यांसाठी त्यांनी उत्तरेकडून विद्वान माणसे आणली. ती कर्तबगार होती, परंतु मुलकी व परदेशी हा तंटा त्यातूनच पेटला. गावोगाव शाळा निघाल्या असत्या तर इतकी माणसे बाहेरून आणावी लागली नसती. आणि सर्वांत मोठी उणीव ही की, रयतेच्या हिताची व्यवस्था झाली, पण त्या व्यवस्थेत रयतेस बोलण्याची जागा ठेवली गेली नाही. सगळा भार एका शहाण्या मनुष्यावर व त्याच्यामागील इंग्रजांच्या मर्जीवर होता. शहाणा मनुष्य नेहमी मिळत नाही. पुढील पासष्ट वर्षांत या राज्यातील लोकांस जे भोगावे लागले, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी ज्याचा शेवट झाला, त्याचे एक कारण हेच की राज्यकर्त्यास जाब विचारण्याची रीत येथे कधी रुजलीच नव्हती. आपल्या वाडवडिलांच्या हाती मताची चिठ्ठी आली ती १९५२ साली.

म्हणून आमचे मत असे की सालारजंगांस तारणहार म्हणणे अतिशयोक्तीचे आहे, आणि नुसते देशद्रोही म्हणून सोडून देणे अन्यायाचे आहे. ते निष्ठावान व कष्टाळू कारभारी होते. धन्याचे घर त्यांनी पडू दिले नाही, व घरातील गरिबांचे ओझेही पुष्कळ हलके केले. परंतु गरिबांस त्यांनी घरातील माणूस मानून सल्ल्यास बसविले नाही.

वाचकहो, आजही मंत्री येतात व जातात. कोणी गेला म्हणजे गावात त्याच्या स्तुतीचे फलक लागतात, किंवा चहाच्या दुकानी त्याची निंदा चालते. त्या वेळी आपण थोडे थांबून चावडीवरच हिशेब करावा. त्याच्या काळात गावच्या दुबळ्या मनुष्याचे ओझे वाढले की कमी झाले? त्याने घातलेली घडी त्याच्यामागे टिकेल काय? आणि आपले गाऱ्हाणे आपल्या भाषेत मांडण्यास त्या दुबळ्यास जागा मिळाली काय? सालारजंगांसारख्या मोठ्या मनुष्याची वहीदेखील या तिसऱ्या प्रश्नापाशी कोरी राहिली. आपल्या हाती आता ती जागा आली आहे. ती रिकामी ठेवली तर दोष दिवाणाचा नव्हे, आपला होईल.