नावाची नोंद, वारशाचे रक्षण : आंबडव्याचे बाबासाहेब

मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव. सुभेदार रामजी सकपाळांच्या या पुत्राचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूला झाला. तरी आंबेडकर या आडनावाचे मूळ याच गावाच्या नावात आहे. तेच गाव आजही कुठे आंबडवे, कुठे आंबवडे असे लिहिले जाते.

सातारा, मुंबई, कोलंबिया, लंडन असे शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. १९३४ मध्ये ते सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबाद किल्ल्यावर हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, म्हणून जमाव अंगावर आला. पुढे किल्ला पाहताना पाण्याला हात लागू नये म्हणून हत्यारी शिपाई सोबत दिला गेला. वारसा सर्वांचा म्हणायचा आणि पाणी मात्र काहींचे, हा अनुभव त्यांनी घेतला.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. संविधानाच्या अनुच्छेद ४९ ने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण ही राज्यसंस्थेची जबाबदारी ठरवली. सातव्या अनुसूचीत संघसूचीची नोंद ६७, राज्यसूचीची १२ आणि समवर्ती सूचीची ४० अशी विभागणी झाली. पुढे केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आला. म्हणून केंद्र संरक्षित, राज्य संरक्षित आणि असंरक्षित हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. केंद्र संरक्षित स्थळाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढील २०० मीटरवर नियंत्रण असते. असंरक्षित लेण्याला हे कवच नाही.

नावाचे मोल बाबासाहेब जाणत होते. औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्यांनी मिलिंद आणि परिसराला नागसेनवन हे नाव दिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. तिथल्या शिलालेखांत मात्र लेण हाच शब्द आहे. शेजारच्या दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीला २९ लेणी आहेत.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक स्थळाचे एक प्रमाण नाव असावे, प्रचलित नावे पर्यायी म्हणून नोंदवावीत आणि केंद्र, राज्य व महसूल दप्तरांत एकच सांकेतांक असावा. तरुणांनी आपल्या गावच्या लेण्याचे नाव, गट क्रमांक, अक्षांश-रेखांश आणि संरक्षणाचा दर्जा लिहून काढावा. अतिक्रमणाची तक्रार करताना हाच कागद उपयोगी पडतो.

जय भीम! नमो बुद्धाय!